‘परकीय’ हा टॅग काढला त्याची गोष्ट : नहपान–सातवाहन खेळाच्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

काल रात्री मित्र मी बनवत असलेल्या संगणक-खेळात नहपानाच्या बाजूने खेळायला बसला आणि तेराव्या खेळीला उठला. म्हणाला, "अरे, यात करायचं काय? दर खेळीला कुठेतरी बंड होतं, मी सैन्य पाठवतो, पुढच्या खेळीला दुसरीकडे बंड. तुझा नहपान राज्य करतच नाही, नुसता विझवत फिरतो."

त्याचं बरोबर आहे. आजपासून नोंदी नीट ठेवायच्या ठरवल्या त्या याचमुळे.

नकाशा दिवाळीपासून तयार आहे. वर भरुकच्छ म्हणजे भडोच, किनाऱ्याला सोपारा आणि कल्याण, घाटावर गोवर्धन म्हणजे नाशिकचा परिसर, जुन्नर, मामाल म्हणजे मावळ, पुढे पैठण आणि तेर. दोन बाजू : शकांच्या क्षहरात कुळातला क्षत्रप नहपान आणि सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी. खेळ गोडो या गेम-इंजिनावर चालतो. नियम आणि कोड माझ्याकडे, चित्रं मावसबहिणीकडे.

बंडाचं मूळ एका ओळीत आहे. राजाच्या फाइलीत ‘परकीय’ नावाचा टॅग आहे. नहपानाला तो लागू, गौतमीपुत्राला नाही. टॅग असेल तर प्रत्येक प्रांतात असंतोष वीसने वाढतो, आणि मग दर खेळीला थोडीथोडी प्रजा राजाच्या संस्कृतीत ‘रूपांतरित’ होते. हा नियम मी विचार न करता उचलला. प्राचीन काळावरचे जे खेळ खेळत मोठा झालो, त्यांतल्या बऱ्याच खेळांत प्रांताला एक संस्कृती असते, राजाला एक असते आणि दोन्ही जुळेपर्यंत पट्टी लाल दिसते. पण गोवर्धनची प्रजा शक होत चालली आहे, असं दाखवणारा एकही पुरावा माझ्याजवळ नाही. उलट नहपानाचा जावईच इथल्यासारखा होत गेलेला दिसतो.

१९ जानेवारी, रविवार

जावई म्हणजे उषवदात. दिनिकाचा मुलगा, नहपानाच्या मुलीचा, दक्षमित्रेचा नवरा. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात त्याचे लेख आहेत. आज दिवसभर त्या लेखांची छापील वाचनं समोर ठेवून बसलो होतो.

बार्णासा नदीवर तीर्थ आणि सोनं, तीन लाख गाई, देवाब्राह्मणांना सोळा गावं. प्रभासला आठ ब्राह्मणांची लग्नं लावून दिली. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन, शूर्पारक म्हणजे सोपारा इथे उतरायला जागा बांधल्या. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, डहाणुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. दमण आणि डहाणू हे शब्द आजही नकाशावर दिसतात, ते या यादीत वाचताना अंगावर काटा आला. नाणंगोल गावातली नारळाची बत्तीस हजार रोपं. आणि हे सगळं सांगून झाल्यावर त्रिरश्मी डोंगरात, म्हणजे पांडवलेण्यांच्याच डोंगरात, भिक्षूंसाठी लेणं.

दुसऱ्या एका लेखात तो स्वतःला शक म्हणवतो. लपवत नाही. मालयांनी वेढलेल्या उत्तमभद्रांना सोडवायला उत्तरेकडे गेला, मालय पळाले, मग पुष्करला जाऊन स्नान केलं, गाई दिल्या. मग माझ्या टॅगप्रमाणे हा माणूस कोण? शक आहे, पुष्करला नहातो, बौद्धांना लेणं देतो, ब्राह्मणांची लग्नं लावतो, आणि त्याचा मोठा लेख संस्कृतकडे झुकलेल्या भाषेत आहे, त्या काळी इथले राजे सरळ प्राकृत कोरत असताना.

टॅग अजून काढलेला नाही. पण तो पुसून नुसतं चालणार नाही, त्या जागी काहीतरी यायला हवं.

२ फेब्रुवारी, रविवार

ते काहीतरी बहुधा सापडलं, आणि ते हिशेबात सापडलं.

उषवदाताने लेण्यासोबत तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव दिली. दोन हजार एका विणकर श्रेणीकडे, म्हणजे विणकरांच्या संघाकडे, दर महिना शेकडा एक. एक हजार दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, दर शेकडा पाऊण. मूळ रक्कम परत मागायची नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण.

कागदावर मांडलं. दोन हजारांवर महिना एक टक्का म्हणजे वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक कार्षापण इकडेतिकडे नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी बसून हा हिशेब जमवला होता, तो मी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेन्सिलीने पुन्हा केला आणि तो जुळला! दुसऱ्या ठेवीचे वर्षाला नव्वद, ते भिक्षूंच्या किरकोळ खर्चाला.

आता यात राजा कुठे आहे? पैसा शक राजाच्या जावयाचा, सांभाळणारे गोवर्धनचे विणकर, खाणारे चारी दिशांचे भिक्षू. राजा बदलला तरी विणकरांना व्याज द्यायचंच आहे. म्हणजे राजा आणि प्रजा यांच्यामधे संस्था आहेत, आणि नातं जमतं किंवा तुटतं ते त्यांच्यामार्फत. मी पट्टी लावली होती ‘प्रांता’ला. प्रांत कधी कोणावर नाराज होत नाही. नाराज होतात विणकर, विहार, बंदरातले व्यापारी, तीर्थावरचे ब्राह्मण, शेतकरी, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असतं.

रात्री कोडमध्ये नवा साचा बनवला. प्रत्येक गावाला संस्था, प्रत्येक संस्थेला एक वही : कोणी काय दिलं, कोणी काय पाळलं, कोणी काय मोडलं. ठेवीचे आकडे उषवदाताचेच ठेवले. ‘परकीय’ची ओळ पुसली. पुसताना बरं वाटलं.

८ फेब्रुवारी

वेळ मोजायची पद्धत बदलली. नहपानाच्या लेखांत ४१, ४२, ४५, ४६ अशी वर्षं येतात, पण ती राज्यवर्षं की एखाद्या संवताची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्यामुळे पडद्यावर इसवी सन नाही. सातवाहनांच्या लेखांत वर्षानंतर ऋतू, मग पक्ष, मग दिवस येतो, आणि ऋतू तीनच : गिम्ह म्हणजे उन्हाळा, वास म्हणजे पावसाळा, हेमंत म्हणजे हिवाळा. म्हणून वर्षाला तीन खेळ्या. वासात घाट बंद, जहाजं बंद, भिक्षू लेण्यात. फार सुटसुटीत झालं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बहिणीने नहपानाचं चित्र पाठवलं. काळसर पार्श्वभूमी, बारीक डोळे, ओठावर छद्मी हसू. गौतमीपुत्र मात्र उगवत्या सूर्यासमोर. फोन केला.

"अगं, हा असा का दिसतोय?"

"दादा, तूच सांगितलंस ना, बाहेरचा राजा. मग बाहेरचा दिसायला नको?"

चूक माझी होती. मी तिला दिलेल्या कागदावर खरंच तेवढंच लिहिलं होतं. मग तिला जोगळटेंभीच्या नाण्यांचे फोटो पाठवले. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, सगळी नहपानाची. एका बाजूला राजाचं डोकं आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, त्याभोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी : राञो क्षहरातस नहपानस. गंमत म्हणजे सगळ्या नाण्यांवरचा चेहरा एकसारखा नाही. कुठे तरुण, कुठे गाल बसलेला म्हातारा. आणि यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा मारला आहे, एकीकडे तीन कमानींचा डोंगर, दुसरीकडे उज्जैन चिन्ह.

तिने एक फोटो मोठा करून परत पाठवला. डोंगराच्या एका कमानीखाली नहपानाचं नाक दिसतंय. त्याखाली लिहिलं होतं, "हा पुसला गेलाच नाहीये." आता दोघांचीही चित्रं नाण्यासारखी, एका बाजूने, सारख्याच उजेडात काढायचं ठरलं. उषवदाताचं चित्र काढायचं नाही. त्याच्या पानावर नारळाचं रोप.

नाण्यावर ठसा मारणं ही खेळातली एक कृती झाली. नवी टांकसाळ महाग आहे. जुन्या नाण्यावर ठसा स्वस्त पडतो. वजन तेच, चांदी तीच, त्यामुळे बाजार थांबत नाही, आणि कोण जिंकलं ते प्रत्येकाच्या हातात पोचतं.

१ मार्च, शनिवार

मित्र पुन्हा नहपान खेळला, आणि आता उलटी तक्रार. "देत सुटायचं, सगळे खूश. हा तर संत झाला."

खरं आहे. टॅग काढायच्या भरात मी नहपानाला गोड करून टाकलं. पण तो जिंकून आलेला सत्ताधीश होता. ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतात लिहिलंय की कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजं पहारा बसवून भरुकच्छला नेली जात. माल कुठे उतरेल ते राज्यकर्ता ठरवत होता. पैठणहून वीस दिवसांच्या वाटेने गोमेद, तेरहून कापड, सगळं गाड्यांवर लादून भरुकच्छकडे. भरुकच्छचे व्यापारी सुखावले असतील, कल्याणच्या धक्क्यावर मात्र शुकशुकाट.

आणि दान येतं कुठून? विहाराला गाव दिलं म्हणजे त्या गावाचा सारा विहाराला दिला. शेतकऱ्याच्या पदरात त्याने काही पडत नाही. म्हणून आता शेतकऱ्यांची वही वेगळी भरते : सारा, वेठ, राजाची माणसं गावात किती वेळा शिरली. दान दिलेल्या जमिनीला सातवाहन लेखांत ज्या सवलती असतात त्या तशाच घेतल्या. अपावेस, अनोमस, अलोणखादक : राजाचे अधिकारी आत शिरणार नाहीत, हात लावणार नाहीत, मिठासाठी खणणार नाहीत. त्या सवलती वाचल्या की बाकीच्या गावांत काय चालत असेल ते कळतं.

आता नहपान भरुकच्छला आवडता, कल्याणला नकोसा, त्रिरश्मीवर दाता आणि घाटातल्या गावांना आणखी एक सारा घेणारा, असा एकाच वेळी असतो. मला तो असाच हवा होता.

९ मार्च, रविवार

पहाटे निघून पांडवलेण्यांवर गेलो, बहीण बरोबर होती. ऊन कलतं असताना अक्षरं उठून दिसतात. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत शिरलो. बाहेर जोत्याखाली सहा गण खांदा लावून सगळं लेणं उचलून धरतात, त्यांचे चेहरे तिने वहीत उतरवून घेतले. मी ब्राह्मी शिकतोय त्याला वर्ष होईल. घरून छापील वाचन नेलं होतं, त्याच्या आधाराने अक्षरं लावत गेलो.

ओसरीत गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षाची आज्ञा आहे, गोवर्धनचा अमात्य विण्हुपालित याला : पश्चिम काखडी गावातलं, उषवदाताच्या ताब्यात असलेलं दोनशे निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं माप) शेत या भिक्षूंना द्यावं. नुकता युद्ध जिंकलेला राजा शत्रूच्या जावयाचं शेत घेतो आणि त्याच डोंगरातल्या भिक्षूंना देतो. कार्ल्यालाही असंच आहे. उषवदाताने वळूरकच्या, म्हणजे कार्ल्याच्या, भिक्षूंना करजिक गाव दिलं होतं, सातवाहनांनी ते पुन्हा आपल्या नावाने दिलं.

त्याखाली चोविसाव्या वर्षाची आज्ञा, आता अमात्य सामक याला. राजासोबत राजमाताही बोलते. आधी दिलेल्या शेताबद्दल लिहिलंय :

तं च खेतं न कसते, सो च गामो न वसति.

मी मोठ्याने वाचलं. बहीण वळून म्हणाली, "हे तर कळतंय की!" ते शेत कसलं जात नाही, ते गाव वसत नाही. कसणं आणि वसणं. आपल्याकडे शेत अजूनही कसतातच. म्हणून राजाने त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजकीय शेतातली शंभर निवर्तनं दिली.

सहा वर्षांत गाव ओस पडलं होतं. का, ते दगड सांगत नाही. पण या वाक्यात जिंकण्याची बढाई नाही, दिलेलं दान फळलं नाही हे मान्य करणारा कारभार आहे. आणि माझ्या खेळात गाव कधी ओस पडतच नाही! लोकसंख्या नुसती वाढते. परतताना गाडीत हेच बोलत होतो.

१६ मार्च

गावं आता ओस पडतात. युद्ध, सलग दोन कोरडे वास, किंवा सारा फार झाला तर माणसं शेजारच्या गावी जातात. दान दिलेलं गाव ओस पडलं की राजाला अमात्याचा निरोप येतो, आणि निरोपात ते प्राकृत वाक्य तसंच येतं, खाली अर्थ.

प्रांत हातात आला की नवा प्रश्नही येतो : आधीच्या राजाची दानं पाळायची, आपल्या नावाने पुन्हा द्यायची, की खालसा करायची? मित्राने गौतमीपुत्र होऊन सगळी खालसा केली. चार खेळ्यांत विणकरांची ठेव गेली, माग थांबले, बंदरात कापड कमी झालं, जकात घटली. "मी शत्रूचं मोडलं ना, मग माझं का बुडतंय?" असं त्याने विचारलं तेव्हा नियम चालतोय याची खात्री पटली.

२३ मार्च, रविवार

गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख खेळात कसा आणायचा, यावर आठवडा गेला. गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी याच्या एकोणिसाव्या वर्षी, स्वतःचा मुलगा गेल्यानंतर आईने कोरवलेला. सकयवनपल्हवनिसूदनस. खखरातवसनिरवसेसकरस. शक, यवन, पहलवांचा संहार करणारा, क्षहरात वंश निःशेष करणारा. चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा.

हा लेख वाचला की ‘परकीय’ टॅग परत लावावासा वाटतो, कारण इथे तो दगडातच आहे. पण नीट पाहिलं तर निःशेष केला तो क्षहरातांचा वंश, राजघराणं. आणि पुढच्याच काळात कान्हेरीला एक लेख आहे, वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा, जी कार्दमक कुळातली, महाक्षत्रपाची मुलगी आहे. शकांच्या घरातली सून. शक महाक्षत्रप रुद्रदामनाने जुनागढला इसवी सन १५० च्या सुमारास अस्सल संस्कृत गद्यात कोरलं की दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा हरवलं, पण नातं जवळचं म्हणून संपवलं नाही. सातवाहनांनीही पुढे क्षत्रपांच्या धर्तीवर, राजाचा चेहरा असलेली चांदीची नाणी पाडली. भाषा, नाणं, सोयरीक, सगळं इकडून तिकडे गेलं.

म्हणून प्रशस्ती ही खेळातली एक कृती ठेवली. ती कोरवली की दरबारात आणि मित्रराजांत प्रतिष्ठा वाढते. गावांतल्या वह्यांवर तिचा काहीच परिणाम होत नाही. आईने मुलाबद्दल लिहिलेलं ते आहे, त्याचा मान ठेवायचा, पण त्याची जनगणना करायची नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

शालिवाहन शके १९४७ सुरू झालं. आईने नवं पंचांग लावलं. लहानपणापासून हे शब्द वाचतोय. शकांच्या नावाने चालू झालेली ती कालगणना, तिला शालिवाहनाचं नाव मध्ययुगात जोडलं गेलं, आणि आपण दोन्ही नावं एका दमात घेतो. पाडव्याला शालिवाहनाने शकांना हरवल्याची गोष्ट आजीकडून ऐकली होती. खेळाच्या पहिल्या पडद्यावर ते पंचांगाचं पान घेऊ का, म्हणून बहिणीला विचारलं. तिने दुपारीच रेखाटन पाठवलं.

१३ एप्रिल, रविवार

नियम फक्त इथेच बसतात की दुसरीकडेही, हे पाहायला छोटा इजिप्तचा नकाशा केला. मॅसिडोनियन टॉलेमी राजे, नाईलकाठची मंदिरं. इसवी सनपूर्व १९६ चा रोझेटा शिलालेख चित्रलिपी, डेमोटिक आणि ग्रीक अशा तीन प्रकारे कोरला आहे, आणि त्यात पुरोहितांनी करमाफीबद्दल राजाचा गौरव केलाय. विहाराच्या जागी मंदिर ठेवलं, वही तशीच चालली.

एक गोष्ट मात्र निसटत होती. इसवी सनपूर्व २१७ मध्ये राफियाच्या लढाईत टॉलेमी चौथ्याने इजिप्शियन माणसांना मॅसिडोनियन पद्धतीच्या फळीत उभं केलं, सुमारे वीस हजार. लढाई जिंकली. पण काही वर्षांत दक्षिणेत थीब्सकडे स्थानिक फारो उभे राहिले, आणि तो भाग वीसेक वर्षं हातातून गेला. माझ्या वह्यांत सैनिक नव्हतेच. हत्यार हातात आलेल्या माणसाचं राजाशी नातं मंदिरापेक्षा वेगळं असतं. सैनिकांची वही वाढवली, गोवर्धनातही. इजिप्तचा नकाशा आता बाजूला ठेवतो, त्यावर हात टाकायचा तर अभ्यास कित्येक पटींनी वाढवावा लागेल.

२७ एप्रिल, रविवार

माणसांची नावं यादृच्छिक बनवणाऱ्या फाइलीत अजून घोळ होता. यवन म्हणजे ग्रीक, असं धरून ती डेमेट्रिओस, थिओडोरस असली नावं काढायची. पण इथल्या लेण्यांतले यवन तसे नाहीत. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकटचे यवन आहेत, नावं सिहधय, धम्म. जुन्नरला इरिल आहे, चित आहे, चंद आहे. नाशिकच्या सतराव्या लेण्याचा दाता उत्तरेचा योनक म्हणजे यवन, दत्तामित्रीचा, नाव इंद्राग्निदत्त, वडील धम्मदेव, मुलगा धम्मरखित. तिन्ही पिढ्यांची नावं इथली, आणि तरी योनक हा शब्द त्याने अभिमानाने कोरून घेतला.

म्हणून आता ‘शक’, ‘यवन’ हे शब्द राजाच्या फाइलीत नाहीत, त्या माणसाच्या दानलेखात आहेत. लावायचे की नाही ते तो ठरवतो. कोडमध्ये याचा कशावरही परिणाम होत नाही. नुसतं दिसतं.

४ मे, रविवार

शेवटच्या टप्प्याचं पान भरलं. सातवाहन गेले, आभीर राजे आले. राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षाचा लेख पुन्हा त्या दहाव्या लेण्यात आहे, उषवदाताच्या लेखांच्या शेजारी. दान देणारी बाई शकनिका विष्णुदत्ता, शक अग्निवर्म्याची मुलगी, गणपक रेभिलाची बायको, गणपक विश्ववर्म्याची आई. तिने श्रेणींकडे ठेवी ठेवल्या आहेत, आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी. कुलरिक (बहुधा कुंभार), ओदयंत्रिक, तिलपिषक (तेली) या श्रेणींकडे. शकांचा संहार झाल्याचं ज्या डोंगरात कोरलंय, त्याच डोंगरात नंतरच्या काळात ही बाई स्वतःला शकनिका म्हणते आणि तेल्यांकडे पैसे ठेवते.

तिचं पान तयार आहे. वर तिचं नाव, खाली ‘गिलानभेसज’ म्हणजे आजाऱ्यांचं औषध, आणि व्याजाचा हिशेब करणारी तीच फाइल, जी फेब्रुवारीत उषवदातासाठी लिहिली. एक ओळही बदलावी लागली नाही.

तेल्यांसाठी घाणा काढून झालाय, कुंभारांसाठी चाक. ओदयंत्रिक म्हणजे पाण्याची यंत्रं करणारे, त्यांच्यासाठी बहिणीने रहाट काढला होता, पण त्या काळच्या रहाटाला गाडगी कशी बांधत, यावर तिचं समाधान होत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा बसणार आहोत.